उताऱ्याखालचे प्रश्न कुठून आले?

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत असे तीन येतात आणि यूपीएससीच्या सक्तीच्या इंग्रजी पेपरात ३०० पैकी ७५ गुण उताऱ्यालाच आहेत. कॉलेज रोडच्या क्लासेसपासून सिन्नर-निफाडच्या अभ्यासिकांपर्यंत नाशिकमध्ये या तिन्ही परीक्षांचा सराव बहुतेक ठिकाणी एकाच रीतीने चालतो. अनोळखी शब्दांखाली रेघ मारायची, वर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहायचा, ओळीमागून ओळ मराठीत करायची आणि मग प्रश्नांकडे वळायचे. ही रीत एका जुन्या परीक्षेसाठी योग्यच होती. ती परीक्षा गेली, प्रश्नांचे स्वरूप बदलले, सराव मात्र जुनाच राहिला.

ती जुनी परीक्षा म्हणजे मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. त्या काळात इंग्रजी येते की नाही हे भाषांतर, व्याकरण आणि दिलेल्या मजकुराचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिणे यांवरून ठरत असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्या तयार झाल्या त्या याच गरजेतून. शब्दाला शब्द लावणे हेच तिथे गुण मिळवून देणारे काम होते. हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. केंब्रिजने १९१३ साली परदेशी उमेदवारांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली. ती सुमारे १२ तासांची होती, तिला ३ उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्यात भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र आणि तोंडी परीक्षा होती. उतारा वाचून समजला का, एवढेच पाहणारा वेगळा पेपर नव्हता.

तो आला अमेरिकेतून. तिथल्या शाळांत मुलांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षक वेगवेगळी तपासतात ही तक्रार जुनी होती. कॅन्सासमधल्या फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५च्या सुमारास मूकवाचनाची चाचणी बनवली. वेळ ठरलेला आणि उत्तर असे की खूण बरोबर तरी असेल किंवा चूक तरी. बहुपर्यायी प्रश्नाची सुरुवात बहुधा याच चाचणीपासून मानली जाते. तपासणाऱ्याची सोय झाली, पण त्यातून पर्याय रचण्याचे एक वेगळे कसब जन्माला आले. चुकीचा पर्याय खरा वाटावा म्हणून त्यात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे घालतात आणि बरोबर पर्यायात तोच आशय वेगळ्या शब्दांत मांडतात. शब्द जुळवत जाणारा विद्यार्थी इथेच फसतो. दोन पर्यायांत अडकलात तर ज्यात उताऱ्यातले शब्द जास्त दिसतात, त्याच्याकडे आधी संशयाने पाहा.

या चुका नेमक्या कशा होतात हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली दाखवले, आणि वाचनाच्या सरावाबद्दल इतके उपयोगी काम त्यानंतरही फार थोडे झाले आहे. त्यांनी मुलांना एक लहानसा परिच्छेद दिला. फ्रँकलिन गावात ७ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाने शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी हजर राहिलेच पाहिजे. मूल फार आजारी असेल, घरात कोणाला संसर्गजन्य रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तरच सूट. परिच्छेदाचा विषय काय, या प्रश्नाला काही मुलांनी 'फ्रँकलिन' असे उत्तर दिले. शब्द ओळखीचा, वाक्याच्या सुरुवातीला आलेला, म्हणून त्याने सगळे लक्ष खेचून घेतले. थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष असा की वाचणारा एखाद्या शब्दाला गरजेपेक्षा जास्त वजन देतो, दुसऱ्याला कमी देतो आणि चूक तिथे होते. म्हणजे सगळे शब्द माहीत असूनही उत्तर चुकू शकते. इंग्रजी उताऱ्यात ज्यांना कमी वजन मिळते ते शब्द ठरलेले आहेत: अनलेस, हार्डली, सेल्डम, नॉट अंटिल, ऑल्दो, आणि मागच्या वाक्याकडे बोट दाखवणारे इट, धिस, विच, द फॉर्मर. शब्दार्थांच्या वहीत यांतला एकही शब्द सापडत नाही, कारण ते 'येतात' असे प्रत्येकाला वाटते.

त्याच सुमारास बंगालमध्ये मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते. भारतीय विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी जास्त लागते आणि त्याची वाचनपुस्तके अनोळखी शब्दांनी इतकी गच्च भरलेली असतात की वाचन असे होतच नाही, हे त्यांनी १९२६च्या सुमारास मांडले. उपाय म्हणून त्यांनी नव्या शब्दांची संख्या मोजून ठेवलेली पुस्तके तयार केली. सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची त्यांची यादी १९५३ साली आली. पुढे २००० साली हू आणि नेशन या संशोधकांच्या अभ्यासातूनही मदतीशिवाय समजून वाचायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द माहीत हवेत असेच निघाले, म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. सरावासाठी उतारा निवडताना हे माप सरळ वापरता येते. २५० शब्दांच्या उताऱ्यात ५-६ अनोळखी शब्द असतील तर तो वाचनाच्या सरावाचा. २० असतील तर तो शब्दसंग्रहाचा धडा झाला. त्यावर घड्याळ लावून काही उपयोग नाही. आमच्या मते सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो: आठवीच्या पातळीचा वाचक थेट आयईएलटीएसच्या तिसऱ्या उताऱ्यावर बसवला जातो.

परदेशी विद्यापीठांसाठीच्या परीक्षांत टोफेल १९६४ साली सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांची ईएलटीएस १९८० साली आली, तीच १९८९ साली आयईएलटीएस झाली. सुरुवातीला उमेदवाराच्या विषयानुसार वेगवेगळे पेपर होते आणि लेखनाचा प्रश्न वाचनाच्या मजकुराला जोडलेला असे. त्यामुळे गुण कमी पडले तर वाचन कच्चे की लेखन, हे वेगळे काढता येईना. १९९५ साली ही जोडणी तोडली आणि अकॅडेमिकसाठी, म्हणजे विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांच्या प्रकारासाठी, वाचनाचा एकच पेपर ठेवला. तेव्हापासून उतारा कोणत्याही विषयावरचा असला तरी उत्तर उताऱ्यातच असते. विषयाचे बाहेरचे ज्ञान लागत नाही, उलट आडवे येते. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन या प्रश्नात ते सर्वांत जास्त नडते. समजा उताऱ्यात म्हटले आहे की निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत द्राक्षबागा मोठ्या प्रमाणावर आहेत. 'निफाडमध्ये द्राक्षबागा नाहीत' हे विधान फॉल्स, कारण ते खोडणारे वाक्य दाखवता येते. 'दिंडोरीत निफाडपेक्षा जास्त बागा आहेत' हे नॉट गिव्हन, कारण तुलना केलेलीच नाही. नाशिककराला खरी परिस्थिती ठाऊक असते आणि तो नेमका त्या माहितीवरून उत्तर देतो. कसोटी एकच: बोट ठेवायला ओळ आहे का?

वेळेचे गणितही समजून घ्यावे. अकॅडेमिक पेपरात ३ उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटे. मजकूर साधारण २,१५० ते २,७५० शब्दांचा. कागदावरच्या परीक्षेतही वाचनाची उत्तरे उतरवायला वेगळा वेळ नसतो. २,७०० शब्द मिनिटाला १५० या गतीने वाचले तर १८ मिनिटे जातात आणि प्रश्नांना ४२ उरतात. मनात मराठी करत १०० च्या गतीने गेलात तर २७ मिनिटे जातात, उरतात ३३. अकॅडेमिकला ४० पैकी ३० च्या आसपास बरोबर आले तर ७ बँड (आयईएलटीएसची श्रेणी, कमाल ९), २३ ला ६. इतक्या फरकासाठी ती ९ मिनिटे पुरेशी आहेत. शेवटचे प्रश्न 'अवघड होते' असे सांगणाऱ्या पुष्कळांनी ते नीट वाचलेलेच नसतात.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. नाशिक विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे येतात. इथल्या कितीतरी मुलांची घरची बोली अहिराणी, कोकणा आदिवासींची कोकणी किंवा भिली आहे. मराठीतून इंग्रजी समजून घेणे म्हणजे या मुलांना मध्ये आणखी एक पायरी चढावी लागते. मार्च २०१९च्या दहावीपासून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. १० गुणांच्या उताऱ्याखाली प्रत्येकी २ गुणांच्या पाच कृती असतात: ए-१ साधी माहिती, ए-२ जोडून घ्यायची माहिती, ए-३ शब्द, ए-४ व्याकरण, ए-५ स्वतःचे मत. ए-२ च्या आकृतीत मुले अख्खे वाक्य उतरवतात, तिथे दोन-चार शब्द पुरतात. ए-३ मध्ये शब्दाचा त्या ओळीतला अर्थ हवा असतो, पाठ केलेला पहिला अर्थ नव्हे. ए-५ मध्ये उताऱ्यातलीच वाक्ये परत लिहिली जातात. तिथे 'मला असे वाटते, कारण' या घडणीची स्वतःची दोन-तीन साधी वाक्ये हवीत. ८० गुणांना १८० मिनिटे म्हणजे अशा उताऱ्याला २२ मिनिटांहून जास्त देता येत नाहीत.

स्पर्धा परीक्षांत यूपीएससीने २०११ साली, एमपीएससीने २०१३ साली सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेतला आकलन आणि अभियोग्यतेचा पेपर, आणली. यूपीएससीच्या इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ साली आंदोलन झाले आणि त्या वर्षी ते गुण धरले गेले नाहीत. पुढे दोन्हीकडचा हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. एमपीएससीत मराठी आणि इंग्रजी भाषेची समज तपासणारे काही उतारे भाषांतराशिवाय येतात, म्हणून मराठी माध्यमाच्या उमेदवाराने ते शेवटाला ढकलू नयेत.

सराव करायचा तर आठवड्यात तीन उतारे पुरेत. पहिल्यांदा घड्याळ लावून, शब्दकोश बंद ठेवून. प्रत्येक उत्तरासमोर आधाराच्या ओळीचा क्रमांक लिहा. क्रमांक लिहिता आला नाही तर ते उत्तर अंदाजाचे समजा, मग ते बरोबर आलेले असो. दुसऱ्या दिवशी तोच उतारा वेळेशिवाय वाचा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण नोंदवा: शब्द अडला, दोन वाक्यांचा संबंध सुटला, प्रश्नच नीट वाचला नाही, की वेळ संपला. कोशात पाहायचे ते यानंतर. महिनाभराच्या नोंदींत जे कारण सर्वांत जास्त वेळा येते त्यावर पुढचा महिना द्यावा. जुन्या प्रश्नसंचांत दहावीसाठी २०१९पासूनच्या कृतिपत्रिका आधी सोडवा. त्याआधीच्या पेपरांतले उतारे घ्यायला हरकत नाही, पण त्याखाली ए-१ ते ए-५ अशा कृती शिक्षकांकडून नव्याने काढून घ्याव्यात. आयईएलटीएसचे १९९५पूर्वीचे संच कोणी दिलेच तर ते बाजूला ठेवा.