छातीतलं पाणी: ‘आहे का’पासून ‘कशामुळे’पर्यंत

छातीत पाणी झालंय, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ओळखता येत होतं. प्राचीन ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाला खांद्यांना धरून हलवत आणि आत काही डचमळतंय का, ते कान देऊन ऐकत. 1761 मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची पद्धत मांडली. पाणी असेल तिथे आवाज बद्द येतो. मृतदेहाच्या छातीत पाणी भरून त्यांनी हे पडताळूनही पाहिलं होतं. पुढे स्टेथोस्कोप आला, 1895 मध्ये क्ष-किरण सापडले आणि पाणी डोळ्यांना दिसू लागलं.

पण ते कशामुळे साठलं, हा खरा अवघड प्रश्न होता. फुफ्फुसावरच्या दोन पातळ आवरणांमध्ये थोडंसं द्रव निरोगी माणसातही असतंच. हृदय कमजोर झालं किंवा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन घटलं, तर आवरण धड असूनही पाणी झिरपतं, ते ट्रान्सुडेट. न्यूमोनिया, क्षयरोग किंवा कॅन्सरने आवरणच बिघडलं, की प्रोटीनने दाट पाणी येतं, ते एक्सुडेट. ही वाटणी चुकली की उपचारांची दिशाच चुकते, म्हणून तिचं महत्त्व फार.

सुईने पाणी काढून तपासणं एकोणिसाव्या शतकातच रुळलं होतं. पुढे बरीच वर्षं पाण्यातल्या प्रोटीनचा एकच आकडा पाहत, साधारण डेसिलिटरला 3 ग्रॅम, आणि त्यात बरेच रुग्ण चुकीच्या गटात जात. 1972 मध्ये अमेरिकेतले फुफ्फुसतज्ज्ञ रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी पाणी आणि रक्त एकाच वेळी तपासून तुलना केली. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या 0.5 पटीहून जास्त, एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एक एन्झाइम) रक्तातल्याच्या 0.6 पटीहून जास्त, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्तातल्या नॉर्मल कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त: यातलं एक जरी जुळलं तरी एक्सुडेट. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल. शेवटचा निकष आज असा मांडतात. मूळ अभ्यासात तिथे ठरावीक आकडा होता.

त्यानंतर क्षयरोगासाठी एडीए या एन्झाइमची चाचणी, कॅन्सरसाठी पेशींची तपासणी, दुर्बिणीतून बायोप्सी आणि सुई नेमकी घालायला सोनोग्राफी अशी जोड मिळत गेली. तरीही लाइट यांचे निकष एका ठिकाणी फसतात. हृदयरोग्याला लघवीचं औषध चालू असेल, तर पाणी दाट होऊन एक्सुडेट भासतं. अशा वेळी रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करतात, फरक डेसिलिटरला 1.2 ग्रॅमहून जास्त निघाला, तर डॉक्टर पुन्हा हृदयाकडे वळतात.