एका बाईच्या दोन फायली

ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी सिस्टरच्या टेबलापाशी जरा वेळ उभं राहा. चिठ्ठीवर तिचा हात सवयीने चालत असतो: हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची चाचणी). कोणी दचकत नाही. तीस वर्षांपूर्वी यातला चौथा शब्द त्या टेबलावर निघतही नव्हता.

गर्भ राहणं आणि आजार लागणं एकाच संबंधातून होतं, हे काही नवं ज्ञान नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि गुप्तरोगांबद्दलही तितक्याच उघडपणे लिहिलं. सरकारने मात्र दोन वेगळ्या वाटा केल्या. १९५२ मध्ये सुरू झालेला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हळूहळू गावापर्यंत गेला, पण पुढे त्याचं सगळं लक्ष नसबंदीच्या आकड्यांवर राहिलं. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. गुप्तरोगांची ओपीडी मोठ्या रुग्णालयात, त्वचारोगांना चिकटून. अंगावरून पांढरं जातंय एवढं सांगायला बाई तिथे कशाला जाईल?

ती जात नव्हतीच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. कुटुंबकल्याणाची माणसं ज्या घरांत वर्षानुवर्षं जात होती, त्याच घरांतलं हे चित्र.

तोवर एचआयव्ही देशात आला होता. १९८६ मध्ये चेन्नईत पहिली लागण सापडली ती वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये, आणि कार्यक्रमाचा रोख तिकडेच वळला: वेश्यावस्त्या, ट्रकचालक, रक्तपेढ्या. १९९२ मध्ये 'नॅको', म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, उभी राहिली, तिचा निधी वेगळा, माणसं वेगळी, नोंदवह्याही वेगळ्या. निरोधचीच गंमत बघा. १९६८ पासून तो पाळणा लांबवायचं साधन होता. आता रोग टाळायचंही साधन झाला. वस्तू तीच, हिशेब दोन.

मग पुण्यातून एक आकडा आला. गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, पण वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ चा. यातल्या बहुतेकींचा आयुष्यभरात एकच जोडीदार, तो म्हणजे नवरा. 'धोक्याचा गट' घरातच निघाला.

दोन खात्यांना जवळ आणलं ते बाळाने. १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीने दाखवलं की कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला एक डोस दिला, तर तेव्हाच्या झिडोवुडिन या औषधाच्या छोट्या कोर्सपेक्षा बाळाला होणारी लागण जवळपास निम्मी होते. भारतात २००२ मध्ये त्यावर कार्यक्रम सुरू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत त्याला चांगलीच नडणारी. तपासणी आणि समुपदेशन सासरच्या तालुक्यात, कळा मात्र तीन तालुके पलीकडे, जिथे बाईने स्वतःच्या आईलाही काही सांगितलेलं नाही. शिवाय गोळी होती बाळासाठी. आईच्या स्वतःच्या आजारावर सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू झाली १ एप्रिल २००४ ला.

पुढची पावलं भराभर पडली. २००६ मध्ये स्वेच्छा तपासणीची आणि गरोदर मातांची केंद्रं एकत्र होऊन 'आयसीटीसी', म्हणजे एकात्मिक समुपदेशन आणि तपासणी केंद्रं, झाली. लैंगिक आजारांसाठी रंगीत किट आले. करडा, हिरवा असा रंग सांगितला की सिस्टरला औषध कळतं. १ जानेवारी २०१४ पासून बाधित गरोदर स्त्रीला सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहेत हे न पाहता, बाळंतपणानंतरही आयुष्यभर एआरटी द्यायचं ठरलं. माझ्या मते खरा बदल हाच. औषध पहिल्यांदा तिच्या नावावर लिहिलं गेलं.

पण जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारी लागण रोखायचे चार भाग सांगितले होते: स्त्रीला मुळात लागण होऊ न देणं, नको असलेला गर्भ टाळणं, बाळाला वाचवणं आणि आई-कुटुंबाची पुढची काळजी. आपल्याकडे बोलबाला झाला तो तिसऱ्याचा. दुसरा मागे पडला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही तशीच. बाधित स्त्रीला तो धोका सुमारे सहा पट असतो, तरी एआरटी सेंटरच्या टेबलावर ती तपासणी सहसा नसते.

तिथे महिन्याच्या गोळ्या घ्यायला आलेल्या बाईने तांबी बसवायची विचारली, तर समुपदेशक चिठ्ठी लिहून देते आणि हात करून समोरची इमारत दाखवते. बाई चिठ्ठी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवते, आवार ओलांडते. तिथल्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, केसपेपर काढला का?