दारूखान्याचा शॅकल आणि कांगारूचा बार : ओव्हरलँड गाडीच्या सामानाची पार्श्वभूमी

हल्ली ओळखीत कुणी थार किंवा जिम्नी घेतली की आठवडाभरात फोन येतोच, "अरे ओव्हरलँडिंगसाठी (म्हणजे राहायचं-खायचं सगळं गाडीवर घेऊन लांबच्या आडवाटांना जायचं त्यासाठी) काय काय लावू सांग ना" आणि सोबत एक फोटो येतो. फोटोतली गाडी नव्वद टक्के वेळा ऑस्ट्रेलियातली असते. पुढे म्हशीच्या शिंगांसारखा जाडजूड बार, टपावर तंबू, बाजूला भोकं पाडलेल्या पट्ट्या, काचेच्या कडेने वर गेलेलं नाकाडं, मागे लाल कॅन. आणि ही गाडी उभी राहणार कुठे, तर मुलुंडच्या टॉवरमधल्या स्टॅक पार्किंगमध्ये, जिथे नुसता कॅरियर लावला तरी वरचा पाळणा खाली येत नाही.

मी स्वतः जुन्या जिप्सीवर बरेच पैसे घालवून शहाणा झालोय म्हणून सांगतो, यातली एकेक वस्तू कुठल्यातरी एका ठिकाणच्या एका ठराविक अडचणीतून आलेली आहे आणि बऱ्याचशा तर भंगारातून किंवा लष्कराने काढून टाकलेल्या मालातून आल्यात. ती अडचण आपली आहे का हे कळायचं तर जरा मागे जावं लागतं.

सुरुवात बाजूच्या पट्ट्यांपासून करू, कारण मला ती गोष्ट सगळ्यात आवडते. १९२० च्या दशकात राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी इजिप्तमध्ये होता आणि सुट्टीत मित्रांना घेऊन फोर्ड मॉडेल टी गाड्या वाळवंटात घालायचा. साध्या टू व्हील ड्राइव्ह गाड्या, वाळूत रुतणार नाहीत तर काय होणार. त्याला कैरोच्या एका भंगाराच्या दुकानात लोखंडी पन्हळी मिळाल्या, पहिल्या महायुद्धात जमिनीखालच्या खंदकांवर छप्पर घालायला बनवलेल्या. चाकाखाली सारल्या, गाडी निघाली. आज रंगीत प्लास्टिकच्या ज्या रिकव्हरी ट्रॅकची जोडी हजारो रुपयांना मिळते तिचं मूळ हे, म्हणजे कैरोच्या चोर बाजारातलं. टायरमधली हवा कमी केली की रबर पसरतं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते हेही त्या मंडळींनी पक्कं वापरात आणलं, आणि रेडिएटरमधून उकळून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून नळी काढून बाजूच्या डब्यात थंड करून परत आत ओढून घ्यायची युक्तीसुद्धा. १९४० मध्ये याच माणसाने ब्रिटिश सैन्यासाठी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला, शत्रूच्या मागे शेकडो मैल वाळवंटातून फिरणारी तुकडी. पाणी, पेट्रोल, जेवण, सुटे भाग, सगळं गाडीवर. ओव्हरलँड गाडी म्हणतात ती हीच, फक्त मशीनगन वजा करा.

मागचा कॅन त्याच युद्धातला, पण शत्रूकडचा. जर्मनांनी १९३७ च्या सुमाराला २० लिटरचा पत्र्याचा कॅन बनवला, वर तीन मुठी, म्हणजे भरलेला असेल तर एकाने मधली धरायची किंवा दोघांनी कडेच्या, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन-दोन मावतात. ब्रिटिशांचे स्वतःचे डबे इतके फालतू की वाटेतच गळायचे, मग ते जर्मनांचे पळवून वापरू लागले, आणि जर्मन शिपायाला ते 'जेरी' म्हणायचे म्हणून जेरी कॅन. आपल्याकडे जिकडे दोन-अडीचशे किलोमीटरवर पंप आहे तिकडे टपावर भरलेले चार कॅन बांधायचं मला तरी कारण दिसत नाही, आणि पंपवालेही सुटं पेट्रोल द्यायला कुरकुर करतात.

आता गाडी. अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये पाव टनाची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी मागवली, बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला आणि ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डने मारल्या, युद्धभरात सहा लाखांच्या वर जीप बनल्या. युद्ध संपलं आणि जगभर या जीप भंगाराच्या भावात सुटल्या. इथूनच फिटिंगचा धंदा सुरू झाला खरं तर. या जीपची पुढची चाकं टू व्हीलमध्ये चालवतानाही आख्खा पुढचा अॅक्सल फिरवत बसायची, पेट्रोल उगाच जायचं, तर सिअॅटलमध्ये आर्थर वॉर्नने १९४८ मध्ये चाक मोकळं करणारे हब बनवायला घेतले. जिप्सीवाल्यांनो, उतरून हाताने फिरवायचे हब आठवतात ना, त्यांचा पणजोबा तो. त्याच्याच कंपनीने १९५९ मध्ये इलेक्ट्रिक विंच आणला, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळून ओढून काढणारं यंत्र.

आणि आपल्या मुंबईचं काय? तर के. सी. महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला इंडिया सप्लाय मिशनवर होते, तिथे त्यांची विलीजचे इंजिनियर बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद कंपनी निघाली, फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि जीप जोडल्या जायच्या माझगावात. नकाशा बघा, माझगावला लागूनच रे रोडचा दारूखाना, जिथे जहाजं तोडतात. म्हणजे भारतातली जीप जिथे जन्मली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तिला ओढून काढायच्या साखळ्या, वायर रोप आणि शॅकल (पिन घालून बंद करायची लोखंडी कडी, पट्टा गाडीला अडकवायला) किलोवर विकले जात होते, आणि अजून जातात.

मी माझा पहिला शॅकल तिथूनच आणला. मॉलमधल्या दुकानात किंमत बघून डोकं फिरलं होतं म्हणून. दारूखान्यात एका गाळ्यात मनगटाएवढ्या जाडीच्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत शॅकलचा ढीग, सगळे तेलकट, मालक तराजूजवळ बसलेला. मी बोटाने तेल पुसून पुसून अक्षरं वाचत होतो, कारण चांगल्या शॅकलच्या कमानीवर किती टनाचा ते उठवलेलं असतं, मला पाऊण इंचाचा ४.७५ टनवाला हवा होता. एक सापडला, पिन हाताने पूर्ण फिरत होती, कुठे तडा नाही. शेजारचा दुसरा त्याहून चकचकीत होता पण पिन थोडीशी वाकलेली, म्हणजे कधीतरी त्याच्यावर नको तेवढा जोर आलाय. मालक म्हणाला, "शेठ, जहाज का माल है, गाडी क्या चीज है." खरं आहे, पण वाकलेली पिन ती वाकलेलीच. शॅकल जुना चालेल, पट्टा आणि दोर मात्र नवीनच घ्यावा असं माझं मत आहे, कारण उन्हाने मेलेला नायलॉन बाहेरून ओळखू येत नाही आणि तुटला तर काच फोडून आत येतो.

बरं, 'ओव्हरलँड' हा शब्द मुळात गुराख्यांचा. ऑस्ट्रेलियात शेकडो मैल गुरं हाकत न्यायचे त्याला ओव्हरलँडिंग म्हणायचे. पुढे १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची सहा पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून भारत आणि ब्रह्मदेशमार्गे सिंगापूरला गेली आणि शब्दाला मोटारीचा वास लागला. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत हिप्पी मंडळी गोव्यापर्यंत यायची, बहुतेक मोडक्या बस आणि व्हॅनमधून. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन सैन्य घुसलं आणि ती वाट बंद पडली.

त्याआधी एकदा मुंबईने हा तमाशा जवळून पाहिलाय. १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन, ९८ गाड्या लंडनहून सुटल्या, खैबर खिंड, दिल्ली, इंदूर करत पोचल्या मुंबईत आणि इथून 'चुसान' नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला फ्रीमँटलला. त्यातल्या अनेक गाड्यांच्या तोंडावर लोखंडी बार होते, पुढे ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून. जिंकली कोण, तर हिलमन हंटर, साधी चारचाकी सलून, फोर बाय फोर नाहीच. हे मी नव्या थारवाल्यांना मुद्दाम सांगतो.

तर तो बार. मेलबर्नच्या अँथनी रोनाल्ड ब्राउनने १९७५ मध्ये स्वतःच्या आद्याक्षरांवरून एआरबी कंपनी काढली, कारण देशाच्या आतल्या भागात फिरायचं तर बाजारातलं सामान तुटायचं. कांगारू रात्री गाडीच्या उजेडात उडी मारतो, रेडिएटर फुटला तर पुढचं गाव तीनशे किलोमीटरवर, म्हणून बुलबार. तिथे तो शोभेचा नाही. टपावरचा तंबूही तसाच, मूळ इटलीतल्या कॅम्पिंगवाल्यांचा, पण आफ्रिकेत फिरणाऱ्यांनी उचलून धरला, जिथे जमिनीवर झोपलं तर रात्री कोण भेटायला येईल सांगता येत नाही. ड्रॉवर, फ्रीज आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी हे पुन्हा ऑस्ट्रेलियन, बिअर गार राहावी हे मुख्य कारण, बाकी सगळं नंतर सुचलेलं. आणि हे सगळं एका गाडीवर चढवून रंग पिवळा मारून जगाला दाखवलं ते कॅमल सिगारेटच्या नावाच्या कॅमल ट्रॉफी या आडवाटांच्या मोटार स्पर्धेने, १९८० ते २००० या वीस वर्षांत. आपल्या डोक्यात ओव्हरलँड गाडी म्हणून जे चित्र आहे ते तिथलं आहे, सिगारेटच्या जाहिरातीतलं.

आपल्याकडे कांगारू नाहीत, पण नव्वदीनंतर सुमोपासून क्वालिसपर्यंत प्रत्येक गाडीला क्रॅश गार्ड बसला, तोही बहुतेक पोकळ पाइपचा आणि चॅसीऐवजी बंपरच्या पत्र्याला बोल्ट मारलेला. धडक बसली की एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब चुकतो आणि पायी चालणाऱ्याची हाडं मोडतात, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना ते काढायला लावायचं पत्र पाठवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल नको, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. जिप्सीच्या मागच्या समोरासमोरच्या बाकड्या काढून लाकडी ड्रॉवर ठोकायचा आमच्यात मोठा शौक होता, पण आरसी बुकात सीट आठ आणि गाडीत दोन असलं की आरटीओत काय होतं ते मी अनुभवलंय, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

जिप्सी आली १९८५ च्या शेवटी, ९७० सीसीचं इंजिन, पुढे-मागे कमान पाटे, वजन जेमतेम हजार किलो, आणि २०१९ मध्ये विक्री थांबली. तिच्याआधी महिंद्रच्या डिझेल जीप आणि जबलपूरला सैन्यासाठी बनणारी निसानची जोंगा, लष्कराच्या लिलावातून सुटली की लोक तुटून पडायचे. सामान मिळायचं नाही, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुसऱ्या गाडीचा भाग शोधून बसवायचा, नागदेवीला पाने आणि नटबोल्ट, लोहार चाळीत वायर आणि रिले. पुण्याच्या फोर्सने गुरखा काढली तिला मात्र कंपनीतूनच स्नॉर्केल (तेच काचेच्या कडेचं नाकाडं, इंजिनाला वरून हवा देणारं) आणि पुढे-मागे डिफ लॉक (एक चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून दोन्ही चाकं जखडणारं कुलूप), त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. स्नॉर्केल मुळात जास्त करून धुळीसाठी, वरची हवा स्वच्छ असते म्हणून. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कलिना, कुर्ल्यात इंजिनात पाणी ओढून गाड्या मेल्या, त्यानंतर मुंबईकराला स्नॉर्केलचा अर्थ कुणी समजावायची गरज उरली नाही. तरी एक लक्षात घ्या, स्नॉर्केल फक्त इंजिनाच्या श्वासाचं बघतो, अॅक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या वर घेतल्या नाहीत तर तिथून पाणी शिरतं आणि ऑइलचा चहा होतो.

परदेशात गाडी घेऊन जायचं असेल तर चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे, १९१९ पासूनची, कार्ने नावाचं गाडीचं कस्टमचं पुस्तक तिथून होतं. ते पुस्तक टपावरच्या तंबूपेक्षा जास्त देश दाखवतं.

पण मला विचाराल तर मुंबईत हे सगळं नाव न घेता आधीपासून चाललंय. चाकरमानी गणपतीला निघतो तेव्हा काय असतं? टपावर कॅरियर, वर ताडपत्री, सुतळी नाही तर नायलॉन दोरी, आत रॉकेलचा स्टोव्ह (आता छोटा सिलिंडर), पाण्याचे कॅन, दोन स्टेपन्या, आणि रस्ता मुंबई-गोवा, जो कुठल्याही परीक्षेला कमी नाही.

दारूखान्याचा तो शॅकल मी लडाखला नेला होता, तिथे पिशवीतून बाहेरही आला नाही. पहिल्यांदा वापरला तो माणगावच्या पुढे, गौरी-गणपती करून परतताना, कडेच्या भरावात मागची दोन चाकं रुतलेल्या एका जुन्या ट्रॅक्स गाडीसाठी. लो रेंज (जास्त ओढ देणारा हळू गिअर) टाकली, पट्टा हळूहळू ताणला, दुसऱ्या झटक्यात निघाली. ड्रायव्हर पन्नाशीचा, घामाने भिजलेला, "किती द्यायचे भाऊ?" मी नको म्हटल्यावर तो कॅरियरवर चढला, ताडपत्रीचं एक टोक सोडलं आणि आतून हातभर लांबीचं तवसं काढून माझ्या बॉनेटवर ठेवलं.