सातबारा नावावर नसला तरी हवामानाचा सल्ला मिळतो

‘सातबारा नावावर नसेल, तर बाईला हवामानाचा आणि शेतीचा सरकारी सल्ला मिळत नाही,’ असा समज गावोगावी अनेक वर्षांपासून फिरतो आहे.

हा समज उगाच रुजलेला नाही. ठिबकचे अनुदान, पीक कर्ज अशा कामांसाठी जमिनीचा उतारा खरोखरच मागितला जातो. आणि 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांमध्ये (शेत कसण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यात) स्त्रिया जेमतेम 14 टक्के असल्याने उताऱ्यापाशी अडण्याची वेळ बहुतेकींवर येते. अनुदानासाठी हक्कदार ठरवावा लागतो, हे रास्तच. हवामानाचा सल्ला मात्र सार्वजनिक माहिती आहे. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी, पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि पीकनिहाय सूचना देणारी जिल्ह्याची कृषी-हवामान पत्रिका कोणालाही वाचता येते.

पडताळणी सोपी आहे. बटणांच्या साध्या मोबाइलवरूनही 1800-180-1551 हा सरकारी किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत लावावा, जिल्हा, तालुका व पीक सांगून मराठीतच प्रश्न विचारावा. सल्ल्यासाठी उतारा लागतो का, हे तेव्हाच कळेल.

खरी अडचण वेगळीच आहे. मोबाइलवर येणारा सल्ल्याचा संदेश नोंदवलेल्या क्रमांकावर जातो आणि तो मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. त्यामुळे खुरपणी-वेचणी करणारीला पावसाचा इशारा संध्याकाळी, तोही आठवण राहिली तरच, कळतो. स्मार्टफोन असल्यास ‘मेघदूत’ या हवामान-सल्ल्याच्या सरकारी ॲपवर तिला स्वतःच्या क्रमांकाने नोंदणी करता येते.