निरोप पोचला की नाही? स्मार्ट होममधल्या सिग्नलची पार्श्वभूमी

हबवर (घरातल्या स्मार्ट उपकरणांना हुकूम देणाऱ्या मध्यवर्ती पेटीवर) बल्ब ‘चालू’ दिसतो आणि खोलीत मात्र अंधार. स्मार्ट होम वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं, आणि पहिला उपाय हमखास एकच सुचतो: मोठा अँटेना, जास्त रेंजचा हब. पण गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं तर नुसत्या ताकदीने फारसं काही सुटलेलं नाही. जे सुटलं ते उपकरणं एकमेकांना ‘पोच’ द्यायला लागल्यावर. (निरोप मिळाल्याची पोचपावती, या अर्थाने. दुसऱ्या अर्थाने पोच नसलेली उपकरणंही बाजारात पुष्कळ आहेत.)

सुरुवात बिनतारी नव्हतीच. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच निरोप पाठवायची पद्धत काढली. कंपनीचा हा दहावा प्रकल्प, म्हणून नाव एक्स-१०. एसी वीज सेकंदाला १०० किंवा १२० वेळा शून्यावरून जाते आणि त्या क्षणी तारेवरचा गोंगाट कमी असतो. नेमका तो क्षण साधून १२० किलोहर्ट्झचा छोटासा ठोका सोडायचा. ठोका आला तर १, नाही आला तर ०. युक्ती सुरेख, पण एक हुकूम पोचायला पाऊण ते एक सेकंद लागायचा. आणि सुरुवातीच्या मॉड्यूलांना उलट उत्तर देताच येत नव्हतं. हुकूम सोडायचा आणि दिवा लागला का ते उठून पाहायचं.

खरं तर पोचपावतीची युक्ती तोवर सापडलेली होती. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरचे टर्मिनल रेडिओने मुख्य संगणकाला जोडले. ते अलोहानेट. सगळे टर्मिनल एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत. दोघं एकदम बोलले तर दोघांचेही निरोप वाया. मग नियम असा की पोच आली नाही तर प्रत्येकाने आपापला, वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. या बेशिस्तीत चॅनेलची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता वापरता येते, असं गणित सांगतं. ‘आधी ऐका, मग बोला’ या सुधारणेवरचं क्लाइनरॉक आणि टोबागी यांचं विश्लेषण १९७५ चं, म्हणजे एक्स-१० च्याच वर्षीचं. पण घरातल्या स्वस्त स्विचपर्यंत ही अक्कल झिरपायला पाव शतकाहून जास्त काळ गेला.

मधल्या काळात गर्दी जमली. १९४७ च्या अटलांटिक सिटीतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही फ्रिक्वेन्सी-पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी बाजूला काढले गेले होते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा २.४५ गिगाहर्ट्झ त्यातलाच. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने या पट्ट्यांत विनापरवाना संपर्काला वाट करून दिली आणि सगळे तिथेच धावले: १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक, पाठोपाठ ब्लूटूथ. झिग्बी या स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी पद्धतीचा पाया असलेलं आयईईई ८०२.१५.४ हे मानक आलं २००३ मध्ये, म्हणजे पंगत बसल्यावर. त्याचे २.४ गिगाहर्ट्झमधले १६ चॅनेल ११ ते २६ या क्रमांकांचे. वायफाय १, ६ आणि ११ वर असेल तर १५, २०, २५ आणि २६ हे फटीत येतात. मात्र २६ वर बरीच उपकरणं कमी ताकदीने बोलतात, म्हणून मी २५ कडे झुकतो. डेन्मार्कच्या झेनसिस कंपनीने झेड-वेव्ह या आपल्या तशाच पद्धतीसाठी गर्दीच टाळली आणि ८६८ आणि ९०८ मेगाहर्ट्झचा आडरस्ता धरला. तिथे वेग कमी, पण भिंती कमी नडतात.

८०२.१५.४ मधली पोच जवळून पाहण्यासारखी आहे. दार उघडलं की बटण-सेलवरचा सेन्सर जागा होतो, क्षणभर यादृच्छिक थांबतो, १२८ मायक्रोसेकंद कान देऊन ऐकतो आणि चॅनेल मोकळा वाटला तर जास्तीत जास्त १२७ बाइटची फ्रेम (निरोपाचं पाकीट) सोडतो. मग ८६४ मायक्रोसेकंद पोचेची वाट. नाही आली तर पुन्हा, असं आणखी तीनदा. मायक्रोवेव्ह चालू असतानाही निरोप बऱ्याचदा जातो, कारण साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या अर्ध्याच आवर्तनात चालतो आणि उरलेल्या अर्ध्यात शांतता असते. एक्स-१० ने शून्याचा क्षण शोधला होता, इथे तो पुन्हापुन्हा प्रयत्न केल्याने आपसूक सापडतो.

पण पोच ऐकूही यायला हवी. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, आणि त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये जवळपास २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरपट वर जातो, हे इंटेलने २०१२ च्या टिपणात मोजून दाखवलं. माझा झिग्बी डोंगल (यूएसबीत खोचलेला हबचा रेडिओ) कित्येक महिने बाहेरच्या हार्डडिस्कला खेटून होता आणि मी दोष देत होतो सेन्सरला. एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने काम झालं. हब ओरडत होता व्यवस्थित, फक्त त्याला ऐकू येत नव्हतं. अशा बहिऱ्या हबला मोठा आवाज देऊन काय उपयोग?

मेशचं, म्हणजे उपकरणांनीच एकमेकांचे निरोप पुढे नेणाऱ्या जाळ्याचं, कौतुक जरा जास्तच झालं. निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो हे खरं, पण वाटेतला बल्ब कुणी भिंतीवरच्या बटणाने बंद केला की रस्ताच गायब, आणि नवा सापडेपर्यंत मागचे सेन्सर पोरके. शिवाय वर सांगितलेली पोच फक्त पुढच्या शेजाऱ्याची असते. त्याने घेतलं म्हणजे शेवटच्या बल्बला मिळालं असं नाही. झिग्बीत टोकापासून टोकापर्यंतच्या पोचेची सोय वेगळी आहे आणि ती ऐच्छिक आहे. हबवरचा ‘चालू’ आणि खोलीतला अंधार यांची एक वाट इथूनच जाते. गंमत म्हणजे २०२० मध्ये झेड-वेव्हनेही लाँग रेंज नावाचा प्रकार आणला. त्यात मेशच नाही. प्रत्येक उपकरण थेट हबशी बोलतं, आणि इथे ताकद खरोखरच वाढवलेली आहे, पण गरजेपुरती, कमीजास्त होणारी.

२०१४ मध्ये थ्रेड या आणखी एका मेश पद्धतीचा गट स्थापन झाला. त्याचा रेडिओ तोच ८०२.१५.४, वर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटचीच पत्ते देण्याची पद्धत. एका घरात एकाहून जास्त बॉर्डर राउटर (हे जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारी उपकरणं) चालतात, म्हणजे एक बंद पडला तरी दार बंद होत नाही. त्यावर आणि वायफायवरही चालणारं मॅटर १.० हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठीचं समाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. त्यात पोच आणि पुनर्प्रयत्न रेडिओच्या वरच्या थरातही आहेत. शिवाय हब उपकरणाचं ‘सबस्क्रिप्शन’ घेतो: काही घडलं नाही तरी ठरलेल्या मुदतीत उपकरणाने आपली स्थिती कळवायची. मुदत उलटली की हबला कळतं की आता पडद्यावर ‘चालू’ दाखवत राहण्यात अर्थ नाही.