‘सेप्तेतो’ की ‘ओर्केस्ता’? आनाकाओनाच्या जुन्या तबकड्यांची पार्श्वभूमी

आनाकाओना ही ताइनो, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांची, राणी क्युबाची नव्हे, शेजारच्या हिस्पानिओला बेटावरची. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश सत्तेने तिला फाशी दिली. तिचे नाव १९३२ मध्ये हवानातील काही बहिणींनी आपल्या वाद्यवृंदाला दिले. हुकूमशाहीने १९३० पासून विद्यापीठ बंद ठेवले होते, त्यामुळे त्यांच्यापैकी एकीचे दंतवैद्यकाचे शिक्षण अडले होते, आणि वृंदाची कल्पना तिचीच. पुढे एकूण अकरा बहिणी त्यात वाजवू लागल्या.

खरा गुंता वृंदाच्या नावाला जोडल्या जाणाऱ्या शब्दाचा आहे. ‘सेप्तेतो’ म्हणजे ‘सोन’ हा क्युबन नृत्यसंगीताचा प्रकार वाजवणाऱ्या सात जणांचा संच: त्रेस (तारांच्या तीन जोड्यांची क्युबन गिटार), गिटार, बास, बोंगो (छोट्या ढोलांची जोडी), माराकास (खुळखुळे), क्लावेस (तालासाठी आपटायच्या दोन लाकडी काठ्या) आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला ट्रम्पेट. ‘ओर्केस्ता’ म्हटले की सॅक्सोफोन आणि ड्रम्ससह जॅझच्या वळणाचा मोठा ताफा. आनाकाओनाच्या वादक दोन्ही प्रकारांत वाजवीत. प्रादो मार्गावरील उघड्यावरच्या कॅफेंत श्रोते, जागा आणि बिदागी पाहून रूप ठरे. १९३७ च्या मोजक्या तबकड्यांत मात्र सेप्तेतोच ऐकू येतो. त्यामुळे त्या ऐकून ‘बहिणी सोनच वाजवीत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, जरी पुनःप्रकाशित आवृत्त्यांच्या वेष्टनांमुळे तोच समज पक्का होत गेला आहे. शिवाय मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. नर्तकांसाठी कितीही लांबवता येणारा ‘मोंतुनो’, म्हणजे गायिका आणि कोरस यांच्या सवाल-जबाबाचा उत्तरार्ध, तेथे रंगण्याआधीच आवरावा लागे. बोंगो आणि ट्रम्पेट ही पुरुषांची वाद्ये मानली जाण्याच्या त्या काळात हे वादन नवलाई म्हणून खपवले गेले. तबकड्यांतील घट्ट ताल ऐकला की तो शिक्का अन्यायाचा वाटतो.

१९३८ मध्ये वृंद पॅरिसला जाऊन आला. त्याची एक गायिका १९४३ मध्ये न्यू यॉर्कला गेली आणि तेथील आफ्रो-क्युबन जॅझमध्ये नावारूपाला आली. १९५९ च्या क्रांतीनंतरही वृंद टिकला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो नव्या पिढीच्या स्त्रियांकडे आला. त्यांचा बाज आधुनिक नृत्यसंगीताचा आहे. जुन्या मुद्रणांकडे बाहेरच्या श्रोत्यांचे लक्ष १९९० च्या दशकात, ती सीडीवर आल्यावर, नव्याने वळले, आणि त्या सीडीवरही नाव छापले गेले ते ‘सेप्तेतो’ असेच.