पेटीवरचं नाव कोणाचं? कोकणच्या हापूसची पार्श्वभूमी

दोन वर्षांपूर्वी पुण्यात नातेवाइकांकडे आंब्याची पेटी उघडली. वर ठसठशीत अक्षरांत 'देवगड हापूस', आणि आत फळांखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कानडी. फळ देखणं होतं, पण साल जाड, गर पिवळा, आणि पेटी उघडताच घरभर पसरतो तो वास नव्हता. पैसे मात्र देवगडचे मोजलेले. आपला माल वेगळा ओळखू यावा म्हणून कोकणातला बागायतदार आज एवढा का झटतो, ते त्या पेटीत बघायला मिळालं.

'हापूस' हे नाव अफोन्सो दि अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून पडलं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं बांधली जाऊ लागली आणि हे कलम किनाऱ्याने वर सरकत आलं. सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरचा, कातळ फोडायचा, खड्ड्यात माती भरायची आणि कलम लावायचं, अशा बागा रत्नागिरी-देवगडात उभ्या राहिल्या. जांभ्या जमिनीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा गुण फळात उतरला. मालाचं वेगळेपण असं पहिल्यापासून होतंच.

नाव मात्र बागायतदाराच्या हातात राहिलं नाही. आंबा गलबतातून, आगबोटीतून, पुढे ट्रकमधून मुंबईला जायचा. फळ डेखासकट, म्हणजे देठासकट, उतरवायचं, नाहीतर चीक सांडून डाग पडतो. मग लाकडी पेटीत पेंढा, कागद, फळांचे थर, आणि फळी ठोकल्यावर ब्रशने रंगवलेला मार्का, म्हणजे बागायतदाराची आद्याक्षरं. हा मार्का क्रॉफर्ड मार्केटातला दलाल ओळखायचा. बागायतदाराने त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असायची, त्यामुळे दर तोच ठरवायचा आणि हंगाम संपल्यावर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवायचा. किरकोळ विक्रेता पेटी फोडून डझनाने विकायचा. खाणाऱ्यापर्यंत मार्का पोचायचाच नाही. 1996 मध्ये फळबाजार वाशीला गेला तरी ही रीत बदलली नाही.

त्यातच कर्नाटकातला हापूस बाजारात वाढला. तिथल्या शेतकऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो आपलं फळ पिकवतो आणि विकतो. तक्रार आहे ती मधल्या हातांबद्दल, जे स्वस्तात घेतलेलं फळ रत्नागिरी-देवगडच्या खोक्यात भरतात. तोटा दोन्हीकडचा. इथल्या बागायतदाराचा भाव पडतो, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या फळाला स्वतःचं नाव मिळत नाही.

नावात केवढी ताकद असते ते वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या अनुभवावरून कळतं. हापूसचा मोठा दोष म्हणजे साका. बाहेरून निर्मळ दिसणारं फळ आतून पांढरट, आंबूस निघतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला. 1981 साली आलेल्या या जातीत साका होत नाही. 1992 मध्ये अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' आला. दोन्ही गुणी, तरी गिऱ्हाईक आजही हापूसच मागतं. म्हणून मला वाटतं, इथला झगडा नवं फळ काढण्याचा कधी नव्हताच. तो असलेल्या नावावर हक्क सांगण्याचा होता.

त्या हक्काला कायद्याचा आधार उशिरा मिळाला. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या प्रदेशाचं नाव तिथल्याच मालाला वापरण्याचा हक्क. त्याचा कायदा 1999 चा, अंमल 2003 पासून. पण नाव कोणतं घ्यायचं यावर आपल्यातच एकमत होईना. रत्नागिरीला रत्नागिरीचं हवं, देवगडला देवगडचं. या ओढाताणीत सुमारे दहा वर्षं गेली. ती गेली नसती तर बरं झालं असतं, कारण तेवढ्या काळात खोट्या पेट्यांचा धंदा चांगलाच मुरला. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं. ते वापरायचं तर बागायतदाराने स्वतःची नोंदणी करावी लागते.

दरम्यान बाजाराची वाटही मोकळी होत होती. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीतच विकण्याच्या बंधनातून काढला. 2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात गाड्या अडल्या, तेव्हा अनेकांनी व्हॉट्सअॅपवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या उतरवल्या. खाणाऱ्याचं नाव बागायतदाराला आणि बागायतदाराचं नाव खाणाऱ्याला पहिल्यांदाच कळलं.

तरीही खोकं कोणीही छापू शकतो. म्हणून 2025 च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने ओळख थेट फळावर आणली. प्रत्येक आंब्यावर स्टिकर, त्यावर एक क्रमांक आणि सोलल्यावर खाली दुसरा. दोन्ही जुळले तर फळ खरं. हे स्टिकर बागेतल्या झाडांच्या हिशेबाने मिळतात, आणि मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. झाडं मोजकी असतील तर भरमसाट आंबे आपल्या नावावर खपवता येत नाहीत.

आमच्या ओळखीचे एक काका याच्याही पुढे जातात. लाकडी पेटी जाऊन पुठ्ठ्याचं खोकं आलं, ब्रशचा मार्का गेला. आता ते प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवतात: 'तोडणी 14 एप्रिल. आठ दिवस पेंढ्यात राहू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. साल जरा सुरकुतली की कापा. एखाद्यात साका निघाला तर फोन करा, बदली फळ पाठवतो.'